नियम तेवीस सोडून बाकी मान्य

४ जुलै

बाबा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळला. चौदा वर्षं माझ्या एकाही नमस्काराला तुम्ही उत्तर दिलेलं नाही, म्हणून हा एक वाचवला.

लिहिण्याचं कारण एवढंच, की तुमचं पुस्तक माझ्या टेबलावर पडलंय. राखी रंगाचं, बत्तीस पानी, 'विद्यार्थी व पालक यांच्यासाठी नियम आणि अपेक्षा'. तुमची नात सहावीत गेली. तुम्हाला नात आहे, अकरा वर्षांची. आईने सांगितलंच असेल, आणि तुम्ही वर्तमानपत्राआडून ऐकलं नाही असं दाखवलं असेल. ज्या संस्थेत तुम्ही मुख्याध्यापक होतात, तिच्या चारही शाळांत सहावीपासून पुढे अजून हेच पुस्तक चालतं. शेवटचं पान फाडून शाळेत द्यायचं. "आम्ही वरील एक्केचाळीस नियम वाचले असून ते आम्हांस मान्य आहेत." खाली विद्यार्थ्याची सही, पालकाची सही.

ही शाळा घराजवळ आहे म्हणून तिला तिथे घातली. दुसरं काही कारण नाही.

मी पुस्तक पहिल्या ओळीपासून वाचलं. बाकीचे पालक गेटवर स्कूटरच्या सीटवर ठेवून सही ठोकत होते. चाळीस नियमांना माझी काही हरकत नाही. जिन्यात धावू नये, बरोबर. नखं कापलेली असावीत, बरोबर. पालकांनी मुलांचा गृहपाठ स्वतः करून देऊ नये, हे तर शंभर टक्के बरोबर. हिच्या बाबांना हा मी दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. ते हॉस्पिटलात नर्स आहेत, दुसऱ्याचं दुखणं अंगावर घ्यायची त्यांना सवयच आहे.

मग आला तेवीस. "शिक्षा झालेल्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर पिवळी फीत लावली जाईल. फीत असेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलू नये व त्यानेही कोणाशी बोलू नये."

मी शेवटच्या पानावर लिहिलं, 'नियम तेवीस सोडून बाकी मान्य'. सही केली, तारीख टाकली. पान दुसऱ्या दिवशी परत आलं. सोबत नवं कोरं पान.

तुम्ही म्हणाल, हिला नियमच नकोत. बाबा, माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, त्यावरूनच तर सगळं बिनसलं. मी लिफ्ट दुरुस्त करते. आमच्या कामात लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, स्वतःच्याच का? माझ्या वस्तादांनी डावा हात पुढे केला. त्यावर तीन बोटं होती. त्यांनी एकदा किल्ली दुसऱ्याकडे दिली होती. त्यानंतर मी तो नियम एकदाही मोडलेला नाही.

तर मला तेवीसचं कारण कळवा. त्यात कोणाचं बोट गेलं होतं?

तुमची मुलगी
(हे नातं रद्द करणारा नियम पुस्तकात सापडला नाही.)


१२ जुलै

बाबा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की मान वळते, ती माझी चूक.

काल शाळेत बोलावलं होतं. मुख्याध्यापिका तुमच्या हाताखाली तयार झालेल्या आहेत. तुम्ही निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी त्या नव्या लागल्या होत्या, म्हणून तुम्ही त्यांना 'छोट्या बाई' म्हणायचात, असं त्यांनीच कौतुकाने सांगितलं. आता केस पांढरे झालेत, तरी शिक्षक अजून त्यांना छोट्या बाईच म्हणतात. टेबलाच्या काचेखाली तुमचा फोटो आहे. मी तो उलटा बघत होते. उलटेसुद्धा तुम्ही रागावलेलेच दिसता.

मी कोण, ते त्यांना माहीत नाही. माझं आडनाव आता वेगळं, अंगावर कंपनीचा निळा गणवेश. मीही सांगितलं नाही.

त्या माणूस म्हणून वाईट नाहीत. मला पाणी दिलं, खुर्ची पुढे ओढून दिली. म्हणाल्या, "हे बघा, नियम सरांनी केलाय. मी कोण काढणार? आणि सरांनी स्वतःच्या पोटच्या पोरीलासुद्धा सोडलं नव्हतं, माहितीये का तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही बुवा. सांगा."

आणि मग, बाबा, मी माझीच गोष्ट ऐकली. सरांची मुलगी सातवीत असताना प्रार्थनेला हसली. सरांनी तिला एका दिवसाची फीत लावली. पोरगी हट्टाला पेटली, शाळा सुटली तरी फीत काढीना. तशीच घरी गेली. फीत आहे म्हणून सर घरीही तिच्याशी बोलले नाहीत. असे चार दिवस गेले. इथवर सगळं खरं आहे. पुढे छोट्या बाई म्हणाल्या, "पाचव्या दिवशी तिने स्वतः फीत काढून सरांच्या टेबलावर ठेवली आणि रडत रडत माफी मागितली. त्या शिस्तीमुळे घडली हो ती. आज परदेशात मोठी प्राध्यापिका आहे. आम्ही दरवर्षी सहावीच्या मुलांना सांगतो हे."

परदेशातल्या प्राध्यापिकेने आपली ग्रीसने भरलेली नखं मांडीखाली लपवली.

ही गोष्ट कोणी रचली? तुम्ही? की तुम्ही नुसते गप्प बसलात आणि ती आपोआप वाढली? मी कधी माफी मागितली? चौथ्या दिवशी संध्याकाळी मी गणिताच्या वहीवर डोकं ठेवून झोपले होते. जाग आली तेव्हा खांद्यावर फीत नव्हती आणि आई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. आईने काढली होती ती. आईला सहन झालं नाही. तुम्हाला झालं.

मी छोट्या बाईंना म्हटलं, "छान गोष्ट आहे. पण सही मी करणार नाही." त्या म्हणाल्या, "विचार करा." मी म्हटलं, "केलाय."


२१ जुलै

बाबा,

आज चेष्टा सुचत नाही.

हिच्या वर्गात एक बारकी मुलगी आहे, सगळे तिला खारूताई म्हणतात. कवायतीचे बूट विसरली म्हणून परवा तिला फीत लागली. मधल्या सुट्टीत तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. ती कोणाला सांगेना. रुमाल नाही, म्हणून बाहीने पुसत भिंतीकडे तोंड करून बसली होती. आजूबाजूला चाळीस मुलं डबा खात होती आणि चाळीसच्या चाळीस नियम पाळत होती.

आमची उठली. तिला नळावर नेलं, डोक्यावर पाणी मारलं, म्हणाली, "मान वर नको करू, खाली घाल. माझे बाबा नर्स आहेत." तेवढ्यात वर्गशिक्षक आले. खारूताईला घरी पाठवलं, आणि आमचीला फीत.

एका दिवसाची असती तर मी दात ओठ खाऊन गप्प बसले असते. पण फितीसोबत चिठ्ठी आली. "पालकांनी नियमपत्रकावर सही न केल्याने विद्यार्थिनीस नियमांचे गांभीर्य राहिलेले नाही. सहीचे पत्रक जमा होईपर्यंत फीत कायम राहील." सुटताना गेटवर काढून घेतात, सकाळी पुन्हा लावतात.

म्हणजे मी जितके दिवस ताठ, तितके दिवस ती मुकी.

हिच्या बाबांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझे वडील आणि तू, एकाच कारखान्याचा माल." मी त्यांच्यावर ओरडले. मग स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

कारण सांगा, बाबा. दोन ओळी लिहा. किंवा शाळेला लिहा की हा नियम चुकला होता. तुमच्या शब्दाशिवाय तिथे पान हलत नाही. तुमच्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही. हेही मागत नाही, तुमच्याच पुस्तकातली चूक दाखवते आहे.


२७ जुलै

बाबा,

आठवा दिवस.

ती आता घरीही कमी बोलते. भाजी वाढू का विचारलं तर मान हलवते. काल मी म्हटलं, "अगं, इथे फीत नाही, बोल की!" तर म्हणाली, "सवय मोडली की सकाळी परत लावायला लागते, आई. त्यापेक्षा हेच सोपं पडतं."

हे मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मलाही सोपं पडायला लागलं होतं. बोलायचं नसलं की माणसं लांबून कशी दिसतात, तेही मला माहीत आहे. आई गेली तेव्हा मी घरी आले होते, आठवतं? तुम्ही आलेल्या प्रत्येकाशी बोललात. दूधवाल्याशीसुद्धा बोललात. माझ्यासमोरून दोनदा गेलात. शिक्षक व्हायचं शिक्षण अर्ध्यात सोडून लिफ्टच्या कंपनीत गेले, एवढ्यासाठी. माझ्या खांद्यावर तेव्हा काही टाचलेलं नव्हतं, तरी तुम्हाला ते दिसत होतं.

आज सकाळी मी कोरं पान आणि पेन काढलं. सांगून टाकते, सही करायला काढलं होतं. माझ्या तत्त्वासाठी मी पोरीला गप्प बसवते आहे, मग तुमच्यात नि माझ्यात फरक काय, हे डोक्यातून जाईना. ती दप्तर भरत होती. पान बघितलं आणि म्हणाली, "केलीस तर पुढच्या वेळी खारूताईशी कोण बोलणार?"

मी पेन ठेवलं. तिला विचारलं, "तुला झेपतंय का? खरं सांग. नाही म्हणालीस तर आत्ता सही करते, मला काही वाटणार नाही." ती बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिली. म्हणाली, "पालक सभेपर्यंत झेपेल."

पालक सभा एकतीसला आहे. तोपर्यंत तिने मला मुदत दिली आहे.

आणि पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. घराजवळ दुसऱ्या दोन शाळा आहेत, याहून जवळ. ही निवडली ती तुमच्यामुळे. तुमचे एक्केचाळीसपैकी चाळीस नियम चांगले आहेत, हे मला आधीपासून माहीत होतं. तुम्ही शिकवलेले अपूर्णांक मी अजून लिफ्टचं वजन काढताना वापरते. माझ्या मुलीला तुमच्या हाताचं काहीतरी मिळावं असं वाटलं. मूर्खपणा म्हणा हवं तर.


३० जुलै

बाबा,

उद्या सकाळी अकराला सभा. मी उभी राहून सांगणार आहे की ती मुलगी मी. प्राध्यापिका नाही, परदेशात नाही, माफी मागितली नाही, आणि फीत माझ्या आईने काढली. तुमच्या नावाचं काय होईल ते होवो.

आधी कळवते आहे. पाठीमागून वार केला असं नको व्हायला. हे पत्र उद्याआधी पोचणार नाही, म्हणून टाकायच्या आधी फोटो काढून तुमच्या शेजारच्या काकूंच्या फोनवर पाठवते आहे. त्या तुम्हाला वाचून दाखवतील. काकूंना म्हणावं, मोठ्याने वाचा, त्यांना ऐकू येत नसल्याचं नाटक चांगलं जमतं.


१ ऑगस्ट

बाबा,

तुम्हाला फोनच्या एका टोकाचं माहीत आहे. दुसऱ्या टोकाचं मी सांगते.

सभागृहात साठएक पालक होते. मुलं शेजारी बसलेली. आमची माझ्या डाव्या हाताला, खांद्यावर पिवळी फीत, आणि त्या बाजूची खुर्ची कोणीतरी हळूच लांब सरकवलेली. छोट्या बाईंनी शिस्तीवर बोलता बोलता तुमची गोष्ट काढली. चार दिवसांवर आल्या आणि मी उभी राहिले.

सतराव्या मजल्यावर लिफ्टच्या छपरावर उभं राहणं याहून सोपं, हे कबूल करते. म्हटलं, "पुढची गोष्ट मी सांगते, कारण ती मुलगी मी आहे." आणि सांगितली. आईपर्यंत सगळी.

छोट्या बाईंचा चेहरा लाल झाला. मागून एक बसचालक पालक म्हणाले, "बाई, एवढं काय, सरांनाच विचारा की. आहेत ना अजून?" काहीजण हसले. छोट्या बाई हसल्या नाहीत. त्यांचा तुमच्यावर इतका विश्वास, की त्यांनी तिथेच फोन लावला आणि माइकपुढे धरला. मला खोटं पाडायला लावला, हे उघड होतं. पण मीही उभीच राहिले.

तुमचा आवाज आला, "हं, कोण?" बाबा, तुमचा आवाज म्हातारा झालाय. मला कोणी सांगितलं नव्हतं.

छोट्या बाईंनी सगळं नीट विचारलं. "सर, इथे एक पालक म्हणतायत की त्या तुमच्या कन्या. म्हणतायत, चौथ्या दिवशी फीत त्यांच्या आईने काढली. हे खरं आहे का?"

बसचालक म्हणाले, "कट झाला वाटतं."

मग तुम्ही म्हणालात, "खोटं आहे."

सभागृहात कुजबुज झाली. छोट्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं, ते जास्त लागलं. त्या क्षणी मी तुमच्यावर कायमचं पाणी सोडलं होतं, हे तुम्हाला कळायला हवं.

आणि तुम्ही पुढे बोललात. "तिच्या आईने नाही काढली. मी काढली. वहीवर झोपली होती. चार दिवस तिने एक शब्द उच्चारला नव्हता, आणि झोपेत गणित पुटपुटत होती. मला बघवेना. पिन काढताना माझ्याच बोटात घुसली. तिच्या आईला म्हटलं, तू काढलीस म्हणून सांग. मुख्याध्यापकाने स्वतःचा नियम मोडला हे शाळेत कळायला नको होतं."

छोट्या बाई म्हणाल्या, "सर..."

"नियम त्या दिवशीच संपला होता. पुस्तकातून काढायची मला लाज वाटली, म्हणून राहिला. काढून टाका. आणि ती प्राध्यापिकेची गोष्ट कोणी सांगत असेल तर तीही बंद करा. ती लिफ्ट दुरुस्त करते."

छोट्या बाईंनी विचारलं, "त्या इथेच आहेत, सर. देऊ का फोन?"

तुम्ही म्हणालात, "नंतर." आणि फोन ठेवला.

छोट्या बाई बऱ्या म्हणायच्या. खाली उतरून आल्या आणि आमचीच्या खांद्याची पिन स्वतः काढायला लागल्या. तीनदा प्रयत्न करावा लागला. फीत निघाल्यावर आमची पहिलं वाक्य बोलली, "बाई, मी पाणी पिऊन येऊ?" मागच्या रांगेतून खारूताई उठली आणि तिच्यासोबत गेली. दोघी जिन्यात धावल्या. नियम नऊ मोडला, मी बघितलं आणि काही बोलले नाही. पुस्तकाचं शेवटचं पान मी आज सही करून दिलं. चाळीस नियम, सगळे मान्य.

आता तुमच्याबद्दल.

काल दिवसभर मी रागाने फणफणत होते. हॉस्पिटलात आईच्या शेवटच्या आठवड्यात मी तिचा हात धरून म्हटलं होतं, आई, तू ती फीत काढलीस ना, तेवढ्यावर मी आजवर तग धरला. ती म्हणाली, "अगं, ते मी..." आणि थांबली. मग म्हणाली, "जाऊ दे." शेवटच्या आठवड्यातही तिने तुमची लाज सांभाळली. आणि तुम्ही तिला ती सांभाळू दिलीत. तीस वर्षं मी एका माणसाचे आभार चुकीच्या पत्त्यावर पाठवत होते, आणि बरोबर पत्ता माझ्याशी बोलत नव्हता. हे मी माफ केलंय असं समजू नका. अजून केलेलं नाही.

पण साठ माणसांसमोर तुम्ही स्वतःला खोटं पाडलंत, माझ्यासाठी. तेही मला दिसतं. आंधळी नाही मी.

फक्त एक गोष्ट चालणार नाही. तुम्ही सभेशी बोललात, छोट्या बाईंशी बोललात, माझ्याशी बोलला नाहीत. आणि 'नंतर' म्हणजे कधी, हे ठरवायला तुम्हाला दिलं तर आणखी चौदा वर्षं जातील. म्हणून मी ठरवलंय. येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघी येतो. मी रजा टाकली आहे, तिकिटं काढली आहेत. घरी नाही असं काकूंकडून कळवू नका, तुम्ही रविवारी कुठेही जात नाही.

आत्ता ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून हे वाचते आहे. विचारते, दार उघडल्यावर आजोबांना आधी काय म्हणायचं?

मी तिला सांगितलं, काही म्हणायचं नाही. आपण दोघी दारात उभ्या राहायचं. आधी ते बोलतील.

तुमची मुलगी